वकील सरकारचा, जामीनदार कोणाचा?

२०१० सालच्या जुलै महिन्यात धर्माबाद येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या इमारतीस काही दिवस तुरुंगाचे रूप आले होते. गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्यास विरोध दर्शविण्यासाठी तत्कालीन अखंड आंध्र प्रदेशाचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपल्या आमदार-खासदारांचा ताफा घेऊन सीमेवर आले असता महाराष्ट्र पोलिसांनी त्या सर्वांस अटक केली. आणि तालुक्याच्या गावी एवढी मंडळी एके ठिकाणी ठेवण्याची दुसरी सोय ती काय असणार, म्हणून जेथे एरवी मुले जोडारी आणि वीजतंत्रीचे काम शिकतात तेथेच त्यांची कोठडी झाली. जामिनावर सुटण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि शेवटी शासनानेच त्यांना विमानात बसवून हैदराबादेस पोचते केले. पुढे आठ वर्षांनी, २०१८च्या सप्टेंबरात, याच प्रकरणी धर्माबादच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी नायडूंवर, ते मुख्यमंत्री असताना, अजामीनपात्र वॉरंट काढले आणि हे छोटेसे न्यायालय दोन राज्यांच्या वृत्तपत्रांत गाजले.

जामीन नाकारण्याची ही चैन ज्यांना परवडते अशा आरोपींची संख्या फार थोडी. धर्माबादसारख्या गावच्या न्यायालयात दररोज जे उभे राहतात, त्यांतील पुष्कळांची अडचण नेमकी उलट्या स्वरूपाची असते : न्यायालय जामीन मंजूर करते, परंतु जामीनदार मिळत नाही. विधिसाहाय्य, कैद्यांचे पुनर्वसन आणि अपराध्यांस आधार या तीन विषयांवरील शासकीय धोरणाचा आढावा घ्यावयाचा तर तो या अडचणीच्या बाजूने घेतला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कायदे, योजना, परिपत्रके यांच्या बाजूने पाहिले असता सर्व काही सुव्यवस्थित दिसते. आणि ती व्यवस्था खोटीही नाही. ती फक्त मनुष्याच्या गरजेच्या एक पाऊल अलीकडे किंवा एक पाऊल पलीकडे येऊन थांबते.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. नांदेडहून निजामाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुदखेड, उमरी आणि करखेली मागे टाकली की धर्माबाद येते आणि त्यापुढचे बासर हे स्टेशन तेलंगणात लागते. लाल मिरचीची ही जुनी पेठ. येथे मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात, सोयरिकी सीमेच्या दोन्ही बाजूंस असतात, आणि हमाल-मजूरही हंगामानुसार इकडून तिकडे जात-येत असतात. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली एकच होता. १९५६ साली भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि जी रेष आजवर कोणाच्या लेखी नव्हती ती राज्याची सरहद्द बनली. न्यायाची उतरंड मात्र सरळ आहे : गावी दंडाधिकारी, बिलोलीस सत्र न्यायालय, नांदेडला जिल्हा कारागृह, आणि दीर्घ मुदतीची शिक्षा झाली तर अडीचशेहून अधिक किलोमीटरांवरील हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह. ज्याची आई मिरचीचे देठ खुडण्याच्या रोजावर जगते, त्याच्या भेटीस हर्सूलपर्यंत कोण आणि कितीदा जाणार, याचा विचार ही उतरंड रचताना कोणी केला असेलसे वाटत नाही.

गरिबास वकील मिळावा ही कल्पना आपल्याकडे तशी नवी नव्हे. मुंबईस १९२४ सालीच विधिसाहाय्यासाठी एक संस्था स्थापन झाली होती. १९४९ साली मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी समिती नेमली. इंग्लंडच्या पार्लमेंटनेही विधिसाहाय्याचा कायदा त्याच साली केला. मात्र तिकडे तो लगोलग अमलात येऊ लागला आणि इकडे समितीचा अहवाल दप्तरात पडून राहिला. भगवतींचे चिरंजीव न्या. पी. एन. भगवती यांनी दोन दशकांनंतर गुजरातेत आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात तोच धागा पुन्हा हाती घेतला, हा योगायोग मोठा मनोरम आहे. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क राज्यघटनेत आला. आणीबाणीत नागरिकांचे हक्क गोठविणाऱ्या राजवटीनेच गरिबास मोफत न्यायाचे आश्वासन संविधानात लिहून ठेवावे, ही इतिहासाची एक थट्टाच म्हटली पाहिजे.

तथापि त्या आश्वासनात प्राण भरला तो न्यायालयांनी, आणि त्यांतील दोन प्रमुख प्रकरणे महाराष्ट्राचीच आहेत. पहिले १९७८ सालचे होस्कोट प्रकरण. बनावट पदवी-प्रमाणपत्रांच्या कटात शिक्षा झालेला हा सुशिक्षित कैदी वर्षानुवर्षांच्या विलंबाने सर्वोच्च न्यायालयात पोचला, कारण उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्या हाती वेळेवर पडलीच नाही असे त्याचे म्हणणे होते. न्या. कृष्णअय्यर यांनी त्याचे अपील फेटाळले. परंतु फेटाळतानाच असा दंडक घालून दिला की निकालाची प्रत कैद्यास विनामूल्य व तत्परतेने मिळालीच पाहिजे आणि अपिलासाठी त्यास वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. दुसरे प्रकरण १९८३ सालचे. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन न्यायालयास पत्र लिहिले आणि त्या पत्रासच अर्ज मानून निवाडा झाला : अटक होताच पोलिसांनी नजीकच्या विधिसाहाय्य समितीस इतल्ला द्यावी, स्त्रियांची कोठडी वेगळी असावी, चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीत व्हावी. या निवाड्यास चार दशके होऊन गेली. त्यातील पहिली आज्ञा तालुक्याच्या ठाण्यांत कितपत पाळली जाते, हा प्रश्न कोणत्याही तालुका वकील संघाच्या खोलीत विचारून पाहावा.

१९८७चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम प्रत्यक्ष अमलात यावयास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. त्याच्या बाराव्या कलमाची उदारता खरोखर वाखाणण्याजोगी आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, आपद्ग्रस्त, औद्योगिक कामगार, आणि मुख्य म्हणजे कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, या सर्वांस उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू शकतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांची मर्यादा आहे. इंग्लंडने २०१२च्या कायद्याने विधिसाहाय्याची व्याप्ती पुष्कळच आकुंचित केली, तशी कात्री आपल्याकडे लागलेली नाही. कागदावर आपला हक्क विशाल आहे. संकोच होतो तो वाटेत.

पुष्कळ वर्षे या व्यवस्थेतील मोठी उणीव ही होती की नामिकेवरील वकिलास मिळणारे मानधन इतके तुटपुंजे असे की हुशार वकील त्यात मन घालीत नसत आणि नवखे वकील त्यावर हात बसवीत. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत पूर्णवेळ पगारी बचाव-वकिलांची कार्यालये उघडली आहेत. महाराष्ट्रात त्यांस ‘लोकअभिरक्षक’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. सरकारी अभियोक्त्याच्या तोडीस तोड सरकारी बचावकर्ता, ही त्यामागील कल्पना निर्विवाद चांगली आहे, आणि नव्या योजनांत हीच एक प्रस्तुत लेखकास मनापासून आशादायक वाटते. जिल्ह्याच्या ठिकाणचा हा अभिरक्षक तालुक्याच्या न्यायालयात पहिल्या रिमांडच्या वेळी हजर असतो का, हा मात्र खरा प्रश्न. कारण गरिबाचा खटला बहुधा त्या पहिल्या पंधरा मिनिटांतच अर्धा हरलेला असतो. विधी सेवा यंत्रणेचा बराचसा उत्साह लोकअदालतींत खर्ची पडतो, आणि वीजबिले, बँकांची थकबाकी व मोटार अपघाताचे दावे यांच्या तडजोडींचे आकडे वाढत जातात, हीही एक विसंगती नमूद केली पाहिजे. तडजोड ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु थकबाकीदार बँकेशी जुळवून घेतो त्याची गणना आणि कोठडीतील माणसास वकील मिळतो त्याची गणना एकाच कोष्टकात होऊ लागली की दुसरी हळूहळू दिसेनाशी होते.

आता जामिनाकडे वळू. समजा, एखाद्या मजुरास किरकोळ चोरीच्या आरोपावरून अटक झाली, विधिसाहाय्याच्या वकिलाने त्याची बाजू नीट मांडली आणि पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर व तेवढ्याच रकमेच्या एका जामीनदारावर त्याच्या सुटकेचा हुकूम झाला. विधिसाहाय्याचे काम येथे संपले असे यंत्रणा समजते. खरे काम येथून सुरू होते. जामीनदार म्हणून उभा राहणाऱ्याने सातबारा आणि आठ-अचा उतारा आणावा, घर असेल तर घरपट्टीची पावती आणावी, आधार व शिधापत्रिका दाखवावी, रक्कम मोठी असल्यास तहसीलदाराकडून ऐपतीचा दाखला काढावा. आणि एवढे होऊन सातबाऱ्यावर विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा निघाला किंवा जमीन चार भावांच्या सामाईक खात्यात निघाली तर शिरस्तेदार कागद परत करतो. कागद मान्य झालेच तर शिधापत्रिकेवर जामीन दिल्याचा शिक्का बसतो. तो शिक्का बसला की त्या कुटुंबास दुसऱ्या कोणासाठी उभे राहणे कठीण. म्हणून शेजारीपाजारीही आपली शिधापत्रिका सहसा बाहेर काढीत नाहीत.

ज्याच्या भावकीतच कोणाच्या नावे जमीन नाही, त्याने काय करावे? मार्ग दोन उरतात. एक म्हणजे न्यायालयाच्या आवारात घुटमळणारा भाडोत्री जामीनदार, जो शेकडा काही घेऊन खऱ्या-खोट्या कागदांवर सही करतो. दुसरा म्हणजे मालक. ज्याच्या शेतावर हा सालगडी आहे त्या मालकाने जामीन दिला तर उपकार खराच. परंतु पुढच्या पाडव्यास साल फिरते तेव्हा या गड्याने दुसरीकडे जाण्याचे नाव काढू नये हेही त्यात न बोलता ठरलेले असते. फौजदारी प्रक्रियेने एका माणसास कोठडीतून सोडविताना दुसऱ्या बंधनात कसे बांधून घातले, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

सीमेवरच्या गावी यात एक भर पडते. मजुराचा सख्खा मेहुणा बासरला किंवा निजामाबादेस असतो, त्याच्या नावे दोन एकर असते, तो गाडीत बसून येतोही; पण त्याची जमीन तेलंगणात, महसुली कागद तेलुगूत आणि पडताळणी कोण करणार याचे उत्तर कोणापाशी नाही. ही अडचण धर्माबादची म्हणून क्षुल्लक मानू नये. होस्कोटचा निकाल लागला त्याच १९७८च्या ऑगस्टात, मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले होते. दहा हजारांचा जामीन, आणि आणलेल्या जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो अमान्य! न्या. कृष्णअय्यर यांनी एका जिल्ह्याच्या माणसास दुसऱ्या जिल्ह्यात परका मानण्याच्या या वृत्तीवर कडक शब्दांत टीका करून त्यास हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडले. पुढे ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयास पुन्हा तेच सांगावे लागले, की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. जामीन होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे. महिना उलटला तर न्यायालयाने आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा. एकच गोष्ट पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा सांगावी लागते तेव्हा दोष कायद्याच्या अज्ञानाचा नसतो, सवयीचा असतो.

कायद्यात याहून सोप्या वाटाही आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवड्याच्या आत जो जामीन देऊ शकला नाही तो निर्धन समजून मुचलक्यावर सोडावा, असे २००५च्या दुरुस्तीने स्पष्टच म्हटले. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्च्या कैदेत काढणाऱ्यास सोडण्याची तरतूद त्याच दुरुस्तीत आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमाने, प्रथमच अपराध घडलेल्यांसाठी ती मुदत एकतृतीयांशावर आणली आणि अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंगाधिकाऱ्यावर टाकली. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस ती लागू नाही, आणि ज्याच्यावर एकाहून अधिक खटले आहेत त्यास तिचा लाभ नाही. या दुसऱ्या अपवादात किती जण गळतात हे ज्याने तालुक्याच्या ठाण्यात एकाच इसमावर लागोपाठ नोंदविलेल्या भुरट्या चोऱ्यांचे गुन्हे पाहिले आहेत त्यास सांगावयास नको. २०२३ साली केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना काढली : जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, शिक्षा झालेल्यांच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत रक्कम शासन भरील, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरणे ठरवील. योजना उत्तम. परंतु तिचा पाया रोख रकमेचा, आणि न्यायालयाची मागणी असते जामीनदाराची. न्यायालयाने जामीनदाराऐवजी रोख रक्कम स्वीकारण्याची मुभा दिल्यावाचून सरकारची तिजोरी उघडी असूनही कैदी आतच राहतो.

या सर्व गोष्टींवर इतका विस्तार करण्याचे कारण असे की, पुनर्वसनाविषयीचे आपले सर्व धोरण ज्यांच्यासाठी रचले गेले ते कैदी तुरुंगांत अल्पसंख्य आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरांतले जवळजवळ शहात्तर, कच्चे कैदी होते. महाराष्ट्रातील तुरुंग क्षमतेच्या दीडपटीहून अधिक भरलेले होते. शिक्षा लागलेल्यासाठी काम आहे, कामाची मजुरी आहे, चांगल्या वर्तनाची माफी आहे, १९५९च्या नियमांप्रमाणे संचित रजा आणि अभिवचन रजा आहे. कच्च्या कैद्यास श्रमाची सक्ती नाही, आणि त्या औदार्यामुळे बहुधा कामही नाही. मजुरी नाही, रजा नाही. आहे ती केवळ पुढची तारीख.

शिक्षा झालेल्यांसाठी जे झाले त्याचा मात्र महाराष्ट्रास यथार्थ अभिमान वाटावा. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने कैद्याची सुधारणा हे कारावासाचे उद्दिष्ट म्हणून मांडले, त्यानंतर दोनच दशकांनी, १९३९ साली, औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन, ज्यांस भारतानंद म्हणत, यांच्या प्रेरणेने आणि राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने खुनाच्या गुन्ह्यातील कैदी तेथे भिंतीवाचून, बायकामुलांसह शेती करीत राहू लागले. ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांतारामांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ यांच्या मुळाशी हीच वसाहत आहे. चित्रपट साऱ्या देशाने पाहिला. अशा वसाहतींची संख्या मात्र वाढली नाही. मराठवाड्यात जायकवाडीच्या कामाच्या निमित्ताने १९६८ साली पैठणचे खुले कारागृह निघाले. कैद्याने धरण बांधावे आणि धरणाने त्यास माणसांत आणावे, असा तो दुहेरी लाभाचा प्रयोग होता. १ मे २०२२ रोजी येरवड्यास राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली : पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, परतफेड तुरुंगातील मजुरीतून, आणि तारण वा जामीनदार काहीच नाही. बँक, जिचा धंदाच तारणावर चालतो, ती शिक्षा सिद्ध झालेल्या कैद्याच्या शब्दावर पन्नास हजार देते; आणि ज्याचा अपराध अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे अशा मजुराच्या शब्दावर न्यायालय पंधरा हजारांचा भरवसा ठेवीत नाही. यावर अधिक भाष्य नको.

परिविक्षेविषयी थोडक्यात. मुंबई प्रांताने १९३८ सालीच अपराध्यास तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याचा कायदा केला होता. १९५८चा केंद्रीय कायदा नंतरचा. एकवीस वर्षांखालील अपराध्यास शक्य तो तुरुंगात धाडू नये असे तो सांगतो, आणि त्यासाठी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवितो. हा अधिकारी महाराष्ट्रात महिला व बालविकास खात्याकडे. साहजिकच बालकांच्या प्रकरणांचा ढीग आधी उपसला जातो आणि प्रौढ अपराध्याची चौकशी मागे पडते. आता नव्या न्याय संहितेने सहा किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा आणली आहे. पाच हजारांखालील चोरी, वस्तूची किंमत परत केली तर, त्यात येते; धर्माबादच्या न्यायालयातील किती प्रकरणे या मापात बसतील! परंतु ती सेवा कोणी सोपवावी, कोणी पाहावी, हजेरी कोणी घ्यावी, याची स्पष्ट घडी संहितेत नाही. आणि घडी नसलेली शिक्षा देण्यास दंडाधिकारी धजावत नाही.

अपराधी म्हणजे कोण, हा प्रश्नही या मुलखात जपून विचारावा लागतो. शेजारच्या उमरीची बँक १९४८च्या जानेवारीत ज्यांनी लुटली ते निजामाच्या दप्तरी दरोडेखोर होते, आणि आपल्या इतिहासात ते स्वातंत्र्यसैनिक आहेत. पारधी, कैकाडी आदी जमातींच्या वाट्यास मात्र असे भाग्य आले नाही. १८७१च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमाती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी मुक्त झाल्या, तरी सराईत गुन्हेगारांविषयीचा १९५९चा कायदा त्यांच्याच मागावर राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील कामांची जातीनिहाय वाटणी घटनाबाह्य ठरविली आणि विमुक्तांस सराईत मानणारे नियमही रद्द केले. पारध्यास जामीनदार मिळणे इतरांहून अवघड का, याचे उत्तर या इतिहासात आहे. त्याच्याजवळ सातबारा नसतो आणि पुष्कळदा गावही नसते.

सुटून आलेल्यासाठी तुरुंगातून गावापर्यंतचे भाडे आणि अनुरक्षण संघटनांची थोडीफार मदत, एवढेच बहुतेक असते. १९९० पासून मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ने कच्च्या कैद्यांसह सर्वांसाठी तुरुंगात आणि बाहेर समाजकार्यकर्ते नेमून जे काम केले, तसे काम नांदेड-लातूरकडे शासनानेच उभारण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नांदेड कारागृहात जामीन होऊनही सात दिवस अडकून पडलेल्यांची यादी दर सोमवारी लोकअभिरक्षकाच्या टेबलावर यावी; त्याने ती दंडाधिकाऱ्यांपुढे ठेवून जामीनदाराऐवजी मुचलका वा सरकारी रोख रक्कम मागावी; आणि धर्माबाद, बिलोली, देगलूर या सीमेवरील तालुक्यांनी तेलंगणातील शेजारच्या मंडलांशी पत्रव्यवहार करून ऐपतीचे दाखले एकमेकांस मान्य करावेत. बंधाऱ्याच्या दरवाजांची आणि वाँटेड आरोपींची माहिती ही दोन राज्ये एकमेकांस देतात; मेहुण्याच्या दोन एकरांची पडताळणी त्याच टपालातून जाऊ शकते.